गोव्यात फळमाश्यांचं सर्वेक्षण करताय? आमिष-सापळ्यांच्या या चुका टाळा

मेथिल युजेनॉल या फळमाश्यांना ओढणाऱ्या वासाच्या रसायनाची बाटली आंब्याच्या झाडाला टांगली की माश्या यायला वेळ लागत नाही. मानकुराद पिकत असताना तर दोन-तीन दिवसांत बाटलीच्या तळाशी थर जमतो. एवढं भरघोस काही हाती आलं की सर्वेक्षण झाल्यासारखं वाटतं, आणि इथूनच चुकांची सुरुवात होते. बाटलीत पडलेली प्रत्येक माशी त्या आमिषाने निवडलेली असते. जे त्या वासाला भुलत नाहीत ते बाहेरच राहतात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

एका वासावर सगळी भिस्त

या वासाची ओढ पहिल्यांदा लक्षात आली ती भारतातच. बिहारमधल्या पुसा इथे एफ. एम. हाउलेट यांनी 1912 मध्ये सिट्रोनेला तेलाकडे येणाऱ्या फळमाश्यांची नोंद केली आणि 1915 मध्ये त्यामागचं रसायन मेथिल युजेनॉल असल्याचं दाखवलं. नर ते चाटतात, त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात, आणि असे नर मिलनात सरस ठरतात. म्हणून सापळ्यात येतात ते जवळजवळ सगळे नर, तेही वयात आलेले.

मेथिल युजेनॉलला बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, झोनाटा, करेक्टा आणि कॅरीई या जाती येतात. काकडी-दोडक्याची झ्युगोडेकस कुकुर्बिटी, तिची बहीण झ्यु. टाऊ आणि डेकस लाँगिकॉर्निस यांना हवं क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष. नुसत्या मेथिल युजेनॉलवर केलेल्या यादीत पावसाळी भाजीच्या मळ्यातली सर्वांत महत्त्वाची माशीच नसेल. तेव्हा किमान दोन आमिषं हवीत. तिसरं झिंजेरोन मिळालं तर जरूर लावा, दोन्ही गटांतल्या काही जाती त्याला प्रतिसाद देतात.

तरीही बरंच सुटतं. वेलभाज्यांवरचीच डेकस सिलिएटस या दोन्ही नेहमीच्या आमिषांकडे फिरकत नाही. बोरावरची कार्पोमाया व्हेसुव्हियाना नाही, बांबूच्या कोंबात वाढणाऱ्या माश्या नाहीत. मिरची-वांग्यावरची बॅक्ट्रोसेरा लॅटिफ्रॉन्स हवी असेल तर अल्फा-आयोनॉल लागतं. या सगळ्यांसाठी माझा आग्रह एकच: फळं गोळा करा.

पडलेले आंबे, पेरू, जांभळं, कारली, रानातल्या कौंडळीची फळं, जे मिळेल ते. प्रत्येक प्रकारची फळं वेगळ्या डब्यात, खाली चाळलेली कोरडी रेती, वर मलमल. अळ्या रेतीत उतरून कोश करतात आणि साधारण आठवडा-दोन आठवड्यांत माश्या बाहेर येतात. लगेच मारू नका. साखर-पाण्यावर तीन-चार दिवस जगवा, म्हणजे रंग पक्के होतात. नुकत्या निघालेल्या फिक्या माशीची जात ओळखताना जाणकारही फसतात. या मेहनतीचं फळ दुहेरी आहे: माद्या मिळतात आणि माशी कोणत्या फळावर वाढली हे कळतं. डॉर्सॅलिससारख्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या जाती वेगळ्या करायला मादीची अंडी घालण्याची नळी फार उपयोगी पडते, आणि ती सापळा कधीच देणार नाही.

सापळ्यातली माशी तिथलीच, हे गृहीत धरणं

मोले किंवा नेत्रावळीच्या जंगलात बाटली लावली, डॉर्सॅलिस भरपूर आली, आणि अहवालात "जंगलातील प्रमुख जाती" असं लिहिलं. पण ही माशी दूरवर उडते आणि मेथिल युजेनॉलचा वास तिला लांबून खेचतो. शेजारच्या कुळागरातून किंवा आंब्याच्या बागेतून ती आली नसेल कशावरून? जंगलाच्या कडेला आणि चांगलं आत असे दोन्हीकडे सापळे लावून आकडे वेगळे ठेवा. आणि एखादी जात तिथे राहते असं लिहायचं असेल तर तिथल्या फळातून ती निघालेली असली पाहिजे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे दोन आमिषांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं. मेथिल युजेनॉल क्यू-ल्यूरपेक्षा कितीतरी जोरदार आहे. एकात शेकडो आणि दुसऱ्यात पाच माश्या आल्या म्हणून पहिली जात संख्येने जास्त असं ठरत नाही. तुलना करा ती एकाच आमिषाच्या वेगवेगळ्या जागांची किंवा वेगवेगळ्या महिन्यांची. महिन्यांचा मुद्दा गोव्यात फार मोठा आहे. फक्त आंब्याच्या दिवसांत काम केलं तर पावसाळी वेलभाज्यांचा सगळा काळ हातचा जातो. पूर्ण वर्ष हवंच.

क्यू-ल्यूरच्या बाटलीत डॉर्सॅलिस कशी?

बहुतेक वेळा हातामुळे. मेथिल युजेनॉल हाताळलेल्या बोटांनी दुसरा सापळा भरला की एवढा अंशही पुरतो. प्रत्येक आमिषाला वेगळे हातमोजे, वेगळा चिमटा, वेगळी पिशवी ठेवा. दोन्ही आमिषं एका बाटलीत कधीही नकोत. दोन सापळ्यांत अंतरही ठेवा, एकाच फांदीवर टांगू नका. हातमोज्यांना आणखी एक कारण आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये मेथिल युजेनॉल बहुधा कर्करोगकारक असल्याचं वर्गीकरण केलं.

सापळा रिकामा का?

आधी मुंग्या बघा. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या मेलेल्या माश्या उचलून नेतात आणि तळाला नुसते पंख उरतात. टांगायच्या तारेला ग्रीस लावा, पानं बाटलीला टेकू देऊ नका. मग ऊन: उघड्यावर तापलेल्या बाटलीतलं मेथिल युजेनॉल लवकर उडून जातं, म्हणून सावली हवी. जूननंतर पाणी शिरून माश्या कुजतात. भोकांवर छप्पर आणि तळाला सुईएवढी छिद्रं ठेवा, आणि आठवड्याच्या आत माल काढा.

जुन्या मार्गदर्शिकांत आमिष मुरवलेल्या ठोकळ्यावर डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक घालायला सांगितलेलं असतं. त्यावर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, पर्यायाबद्दल एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा.

एवढं करूनही बाटली रिकामी निघाली तर वहीत शून्य लिहा. कोरी जागा सोडली की ती भेट झाली होती की नाही हे वर्षाने कोणालाच सांगता येत नाही.

नावं आणि नमुने

अल्कोहोलमध्ये पिवळे पट्टे फिके पडतात, आणि ओळख बरीचशी त्या पट्ट्यांवरच असते. काही नमुने सुईवर कोरडे ठेवा, डीएनएसाठीचे 95 टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये. अल्कोहोलमधली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. तीवर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, आमिष किंवा फळ, आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. जुन्या याद्यांशी ताडताना जपून, 2015 मध्ये झ्युगोडेकस ही स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानली गेली, त्यामुळे आधीच्या लेखनातली बॅक्ट्रोसेरा कुकुर्बिटी म्हणजे हीच माशी. शंका असलेले नमुने बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे दाखवता येतील. अभयारण्यात सापळा टांगण्याआधी वन खात्याची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत दर फेरीला सोबत ठेवा.