'रोहो' नव्हे, 'तिंतो'

माद्रिदला आलात, पाद्रोनची, म्हणजे पालिकेत पत्ता नोंदवायची, कटकट संपली, खोली मिळाली. आता ऑफिसची मंडळी संध्याकाळी बारमध्ये ओढून नेणारच. मी पहिल्याच दिवशी अ‍ॅपवर घोकलेलं 'विनो रोहो' मागितलं होतं. वेटरला कळलं, पण मिशीत हसला. लाल वाइन म्हणजे इथे 'तिंतो'.

द्राक्षाचं नाव घेऊन मात्र सहसा कुणी मागत नाही. 'उन रिओहा' किंवा 'उन रिबेरा', असं प्रदेशाचं नाव घ्यायचं. दोन्हींत मुख्य द्राक्ष एकच, तेंप्रानियो. 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं, म्हणून ते नाव. हे कळायला मला वर्ष लागलं, कारण त्याला जागोजागी वेगळ्या नावाने हाक मारतात. रिबेरा देल दुएरोत तिंतो फिनो, तोरोत तिंता दे तोरो, ला मांचात थेन्थिबेल, कातालुन्यात उल दे येब्रे, म्हणजे सशाचा डोळा. आजोळी बाळ्या, शाळेत बाळकृष्ण, तसंच. चार जाती चाखल्या म्हणून मी मिरवत होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईंनी चारही बाटल्यांवर बोट ठेवत 'ला मिस्मा', तीच ती, म्हणून वाट लावली.

बाटलीवर 'क्रिआन्था' दिसलं तर दर्जा नव्हे, मुरण्याचा काळ वाचा. रिओहात क्रिआन्था किमान 2 वर्षं मुरते, त्यातलं निदान 1 ओकच्या पिंपात. रेसेर्वा 3 वर्षं, ग्रान रेसेर्वा 5. जुनी म्हणजे भारीच, असं काही नाही. नेहमीच्या जेवणाला मी क्रिआन्थाच घेतो.

पैसे जपायचे असतील तर दुसऱ्या द्राक्षांच्या वाइन, कालातायुद भागातली गार्नाचा किंवा हुमियाची मोनास्त्रेल बघा. मोनास्त्रेल उन्हातली, दाट, अंगाने भरलेली. बिएर्थोची मेन्थिया हलकी, थोडी गार करून प्यायची.

दुपारच्या 'मेनू देल दिआ'त, म्हणजे ठरावीक दराच्या जेवणात, पुष्कळदा वाइन धरलेलीच असते, सोबत गासेओसाची, म्हणजे गोडसर सोड्याची, बाटली. उन्हाळ्यात लोक बिनदिक्कत दोन्ही मिसळतात. तुम्हीही मिसळा, कुणी नाक मुरडत नाही.

आणि घरी मटणाचा झणझणीत रस्सा केलात तर रिबेराची तुरट बाटली उघडू नका, जीभ आणखी पेटते. आम्ही गार्नाचा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो.