भांगलणीच्या तणाचं पातळ खत

भांगलणीचं तण बांधावर वाळत टाकण्यापेक्षा टिपाडात कुजवलं, तर त्यानं जमिनीतून उचललेलं नत्र आणि पालाश दोन-तीन आठवड्यांत पिकाच्या मुळाशी परत जातं. कृती सोपी आहे. खत बिघडतं ते बहुतेक तण निवडतानाच.

आधी तण कुठल्या रानातलं आहे ते बघा. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. असं फवारलेलं तण टिपाडात गेलं की औषध अर्कात उतरतं आणि टोमॅटो, कापूस, द्राक्षाची पानं अरुंद होऊन पिळवटतात. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. फवारलेल्या रानाला लागून असलेला बांधही टाळा. परसातलं किंवा हातानं भांगललेल्या सरीतलं तण खात्रीचं.

माठ, केना, घोळ, टाकळा सगळं चालतं, पण कोवळं आणि फुलाआधीचं. बी धरलेलं तण कुजवलं तरी काही बी जिवंत राहतं आणि खताबरोबर वाफ्यात पेरलं जातं. गाजर गवतही फुलोऱ्याआधी घ्या, हातमोजे घालूनच, कारण त्यानं अंगाला खाज सुटते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काड्या अजिबात नकोत. माण-खटावसारख्या दुष्काळी भागात तण कमी मिळतं. तिथं गिरिपुष्पाचा कोवळा पाला घ्या, त्यात नत्र भरपूर असतं.

50 लिटरचं प्लास्टिकचं टिपाड सावलीत ठेवा (पत्र्याचं गंजतं). 8 किलो तण माती झटकून बोटभर तुकड्यांत चिरा, गोणपाटाच्या पोत्यात दगडासह भरून तोंड बांधा. 30 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण आणि अर्धा किलो गूळ कालवून त्यात पोतं बुडवा. नळाचं पाणी असेल तर आधी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन निघून जातो. वर फेस येतो, म्हणून टिपाड काठोकाठ भरू नका. तोंडाला कापड बांधा, नाहीतर डास अंडी घालतात. घट्ट झाकण लावलं तर आत वायू कोंडतो.

सकाळ-संध्याकाळ काठीनं पाच मिनिटं ढवळा आणि पोतं वरखाली करा. उन्हाळ्यात 10-12 दिवसांत अर्क तयार होतो, थंडीत 20 दिवस धरा. आंबूस वास ठीक. सडक्या अंड्यासारखी घाण येत असेल तर आत हवा पोचत नाही. 5 लिटर पाणी घाला आणि जास्त वेळा ढवळा. तरीही वास हटला नाही तर सगळं उकिरड्यात ओता, पिकाला देऊ नका.

गाळलेल्या 1 लिटर अर्कात भाजीपाल्यासाठी 10 लिटर, कुंड्यांसाठी 20 लिटर पाणी मिसळा; रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. 12 इंची कुंडीला दर 15 दिवसांनी अर्धा लिटर पुरतं. माती आधी ओली करा, कोरड्या मातीत क्षार मुळं पोळतात आणि पानांच्या कडा करपतात. पहिल्यांदा एकाच झाडाला देऊन तीन दिवस थांबा. अर्कात शेण आहे, त्यामुळे मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर कधीही फवारू नका. ठिबकमधून सोडायचा मोह टाळा, ड्रिपर तुंबतात. यात स्फुरद फार कमी उतरतं, म्हणून लागणीच्या वेळचं शेणखत चुकवू नका.

अर्क महिन्याभरात संपवा. पोत्यातला चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.