पोर्ट केल्यावर फोन लागतो, पण नेट नाही: काय तपासायचं, कुठे बदलायचं

नंबर पोर्ट झाला, नवं सिम चालू झालं, फोन लागतोय, येतोय, पण नेट नाही. अशा वेळी पुष्कळ जण आधी 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' दाबून मोकळे होतात. त्याने वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, आणि नेट तरीही येईलच असं नाही. तो उपाय शेवटी ठेवा. फोनच्या वरच्या पट्टीत काय दिसतंय, यावरून अर्धं निदान होतं. पाहण्याआधी वायफाय मात्र बंद करा.

सिग्नलच्या दांड्याच नाहीत

म्हणजे बहुधा पोर्ट अजून पूर्ण झालेलं नाही. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात, तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबई हे वेगळं सर्कल आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. त्यामुळे मुंबईचा नंबर पुण्यात आणताना पाच दिवस धरून चाला. जुन्या सिमचं नेटवर्क जात नाही तोवर नव्या सिमवर काहीही करून उपयोग नाही. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही घालून ठेवा: जुन्याच्या दांड्या गेल्या की थोड्या वेळाने नव्याच्या येतात. ई-सिमवर असाल तर जुनं प्रोफाइल नवं चालू होईपर्यंत डिलीट करू नका.

नेटवर्क आल्यावर टेलिव्हेरिफिकेशन (फोनवरून ओळखीची पडताळणी) बाकी असेल तर ते करून घ्या. जिओसाठी १९७७, एअरटेल आणि व्हीआयसाठी ५९०५९. फोन त्याच सिमवरून लावायचा.

दांड्या आहेत, पण शेजारी '४जी' नाही

इथे बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण निघतं.

पहिलं, रिचार्ज. जुन्या कंपनीचा उरलेला प्लॅन किंवा बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही. दुकानदाराने 'मारून दिलंय' म्हटलं तरी स्वतः बघा: जिओवर १२९९ ला फोन लावला की मेसेज येतो, एअरटेलवर *१२१#, व्हीआयवर *१९९#.

दुसरं, डेटा भलत्याच सिमवर असणं. सिम काढून घालताना स्लॉट बदलला की फोन डेटासाठी दुसरंच सिम धरून बसतो. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'मोबाइल डेटा'समोर कोणतं नाव आहे ते पाहा.

तिसरं, नेटवर्कचा प्रकार. बॅटरी वाचावी म्हणून कधीतरी '२जी' किंवा '३जी' निवडलेलं तसंच राहतं. जिओकडे २जी-३जी मुळातच नाही, आणि एअरटेलने आपलं ३जी बंद केलंय. तिथे एलटीई (म्हणजे ४जी) असलेला पर्यायच ठेवा. काही जुन्या फोनांत दुसरा स्लॉट फक्त २जीचा असतो. जिओचं सिम त्यात घातलं तर दांडीसुद्धा येणार नाही.

चौथं, आणि खरं दुखणं: एपीएन, म्हणजे ॲक्सेस पॉइंट नेम. नेटचा दरवाजा कोणता, हे फोनला सांगणारं हे नाव. नवं सिम ओळखून फोन ते सहसा आपोआप बदलतो. पण आधी कधी हाताने एपीएन भरलं असेल, किंवा फोन परदेशातून आणलेला असेल, तर चुकीचं नाव राहण्याची शक्यता जास्त.

एपीएन भरताना

सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाइल नेटवर्क्स, ॲक्सेस पॉइंट नेम्स. साध्या अँड्रॉइडमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग सिम, आणि सगळ्यात खाली ॲक्सेस पॉइंट नेम्स. शाओमीत सिमच्या पानावर आधी सिमच्या नावावर टॅप करावं लागतं. आधीच्या नोंदीत खाडाखोड करू नका. अधिकचं चिन्ह दाबून नवी करा. 'नेम'मध्ये काहीही चालतं, 'एपीएन'मध्ये मात्र हेच, रोमन लिपीत, सलग आणि लहान अक्षरांत:

जिओ: जे, आय, ओ, एन, ई, टी.
एअरटेल: एअरटेलचं नाव, त्याला लागूनच जी, पी, आर, एस, मग टिंब आणि कॉम.
व्हीआय: डब्ल्यू तीनदा, बस. पुढे टिंबही नाही.
बीएसएनएल: बी, एस, एन, एल, एन, ई, टी.

प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड कोरे ठेवा. एपीएन प्रोटोकॉलमध्ये आयपीव्ही४/आयपीव्ही६ हा जोड पर्याय निवडा. जिओला तर तो हवाच. एमसीसी आणि एमएनसी हे देश आणि कंपनी ओळखणारे आकडे फोनने सिमवरून भरलेले असतात, त्यांना हात लावू नका. ते बदलले की सेव्ह केलेली नोंद यादीत दिसतच नाही, आणि माणूस तीच तीच पुन्हा भरत बसतो.

आता सगळ्यात फसवी चूक. कीबोर्डने वर सुचवलेला शब्द टॅप केला की त्याच्यामागे एक रिकामी जागा येते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण नेटवर्कच्या लेखी ते नाव वेगळं होतं आणि जोडणी नाकारली जाते. शेवटच्या अक्षरापाशी कर्सर नेऊन एकदा खोडून पाहा.

वरचे तीन ठिपके दाबून 'सेव्ह' करायचं. नुसतं मागे आलात तर काही फोनांत भरलेलं जातं. मग यादीत त्या नावासमोरचं वर्तुळ भरा, एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा.

आयफोनमध्ये बहुतेक वेळा हे काही लागत नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडून अर्धा मिनिट थांबा. कॅरिअर (म्हणजे सिमच्या कंपनीच्या) सेटिंग्जचं अपडेट असेल तर विचारणा येते. जुन्या कंपनीचं प्रोफाइल 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये असेल तर काढून टाका. मोबाइल डेटा नेटवर्कच्या पानावर खाली पर्सनल हॉटस्पॉटसाठी एपीएनची वेगळी ओळ असते. नेट चालतं पण हॉटस्पॉटचा पर्यायच दिसत नाही, तेव्हा तिथेही तेच नाव भरा.

'४जी' दिसतंय, पान मात्र उघडत नाही

आता एपीएनला दोष देऊ नका. व्हीपीएन बंद करा. जाहिराती अडवण्यासाठी 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये काही भरलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक' करा. डेटा सेव्हर आणि डेटा लिमिटही पाहा: दिवसाची मर्यादा जुन्या प्लॅनप्रमाणे घातलेली असेल तर फोन स्वतःच नेट तोडतो.

५जी येत नसेल तर फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा. जिओचं ५जी एसए (स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या) पद्धतीचं आहे, आणि ती पद्धत काही फोनांत अपडेटनंतरच सुरू होते.

फोन अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला असेल आणि भारतातलं सिम घेतच नसेल, तर तो तिथल्या कंपनीला लॉक असू शकतो. एपीएनने ते कुलूप उघडत नाही. ज्या कंपनीचा फोन तिनेच उघडून द्यावं लागतं.

एवढं करूनही नेट नाही? कस्टमर केअरला फोन लावण्याआधी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. तिथे नेट चाललं तर दोष तुमच्या फोनमध्ये, आणि आता रीसेट करायला हरकत नाही. तिथेही नाही चाललं तर १९८ ला फोन लावा आणि सरळ विचारा, 'या नंबरवर डेटा सर्व्हिस चालू केली आहे का?' नाहीतर पलीकडून पुन्हा फोन बंद करून चालू करायलाच सांगतील. तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

नेट आल्यावर यूपीआय ॲप नवं सिम पाहून पुन्हा पडताळणी मागेल. त्यासाठी फोनवरून एक एसएमएस जातो, तेव्हा प्लॅनमध्ये एसएमएस आहेत ना ते आधी बघा. नुसत्या डेटाच्या पॅकवर हा मेसेज अडतो.