रानफुलांच्या वाफ्याची तयारी: कागदाआधी पाणी

गेल्या वर्षी घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात तेरडा, सोनकी, कवळा लावायला गेलो आणि पीक काढलं गाजर गवताचं. म्हणून यंदा यादी लिहून ठेवतोय: पेरणीआधी ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि उन्हाच्या तापाने आतलं तणाचं बी मारायचं. आमचं घर वाईच्या अलीकडे, जमीन मुरमाड. तुमची काळी असेल तर पाणी साचणार नाही एवढा उतार आधी काढून घ्या.

एप्रिलच्या मध्याला हात घालायचा. कुदळ, खुरपं, घमेलं घरात असतंच. उभं तण मुळासकट काढा, दगड वेचा, वरची दोन-तीन इंच माती भुसभुशीत करून सपाट करा. ढेकळं राहिली की प्लॅस्टिकचा कागद मातीला टेकत नाही आणि खालचा ताप वाया जातो. हराळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानेच वेचा. लव्हाळा उन्हाने मरत नाही, गाठ खोल असते. कंटाळा आला तरी वेचा.

मग पाणी. कागद अंथरण्याआधी पाणी. गेल्या वर्षी मी हेच विसरलो. कोरड्या मातीवर कागद टाकला, कडा दाबल्या आणि महिनाभर ऐटीत फिरलो. मेअखेरीस आईनं कोपरा उचलला, मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, “अरे, ही तर ठणठणीत कोरडी आहे.” कोरडी माती ताप खाली नेत नाही, आणि कोरडं बी तापाला दाद देत नाही. ओल मिळाली की ते फुगतं, कोंब काढायच्या बेतात येतं आणि तेव्हा भाजून मरतं. माझ्या मातीतलं तणाचं बी महिनाभर आरामात झोपलं आणि पहिल्या पावसाला सगळंच्या सगळं उठलं. तेव्हा वीतभर ओल जाईल असं संथ पाणी द्या, वाटल्यास रात्रभर पाइप सोडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच झाका. चार दिवसांनी कागदाच्या आतून दवासारखे थेंब दिसले पाहिजेत. नाही दिसले तर कागद काढा आणि परत पाणी द्या. आळस करू नका.

कागद पारदर्शकच हवा, २५ ते ५० मायक्रॉनचा. दुकानदार काळा-चंदेरी मल्चिंग पेपर गळ्यात मारायला बघतो. तो उभं तण दाबायला ठीक, पण ऊन आत घेत नाही. चारी कडा चर खणून मातीत गाडा. विटा ठेवून भागत नाही, वळवाचा वारा कागद शेजारच्या आंब्यावर नेऊन ठेवतो. चार ते सहा आठवडे हलवायचा नाही. कुत्र्याने भोक पाडलं तर चिकटपट्टी लावा. आणि हो, पाणी दिलंय ना आधी?

मेअखेरीस कागद काढला की कुदळीला हात लावायचा नाही. भाजते ती वरची काही इंच माती. खालची वर आणलीत की महिन्याची मेहनत फुकट.

शेणखत? अजिबात नको. लोक हळहळतात, पण ही गुलाबाची बाग नव्हे. कासच्या सड्यावर कातळावर मातीचा जेमतेम थर असतो, तरी तिथं फुलं मावत नाहीत. खताने गवत माजतं, शिवाय कच्च्या शेणखतातून तणाचं ताजं बी येतं.

बी मागच्या हिवाळ्यातच जमवलेलं हवं, ओळखीच्यांच्या बांधावरून, विचारून. कासवरून काडीही आणू नका, ते राखीव वन आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तेरड्याची बोंडं हात लागताच फुटतात, म्हणून खाली पिशवी धरूनच तोडा. सोनकीचं बी म्हाताऱ्यांसारखं उडतं, उशीर झाला की गेलं. कुर्डू मूठभर पुरे, तो स्वतःच पसरतो आणि कोवळ्या पानांची भाजीही होते. टाकळा लावायची गरजच नाही, न बोलावता येतो. कवळ्याचं साल टणक, जाड्या वाळूत चोळून घ्या. ‘रानफुलं’ म्हणून मिळणारी तयार पाकिटं नकोत. मी एक आणलं, त्यात निम्मा पिवळा कॉसमॉस निघाला. तो मूळचा मेक्सिकोचा, आणि एकदा शिरला की आपल्या फुलांना जागा ठेवत नाही.

पेरणी मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर, वापसा आला की, म्हणजे चिखल सरून माती नुसती ओलसर राहिली की. पहिल्या सरीला भुलू नका. बी पाचपट कोरड्या वाळूत मिसळून फेका, एकदा उभं, एकदा आडवं. पुरू नका, नुसती फळी टाकून वर चाला. सोनकी तर उघडीच राहू दे. मुंग्या थोडं नेतील, नेऊ देत.

जुलैत पंधरा दिवसांनी एकदा बसून खुरपा, ओळखू येईल तेच उपटा. कवळा खोलगट कोपऱ्यात, ओल राहते तिथं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तेव्हा फोटो वेळेवर काढा. फुलं संपली तरी झाडं नोव्हेंबरपर्यंत उभी ठेवा, बी झडलं की मग कापा. त्या जागेवर पुढच्या एप्रिलात कागद टाकायचा नाही, आपलंच बी भाजेल. फाटला नसेल तर धुऊन सावलीत घडी करा, उरलेल्या तुकड्याला होईल. पण तिथंही आधी पाणी.