जर्मनीतला संसार : पगार महिन्याचा, हिशेब वर्षाचा. या चुका टाळा

पुण्याहून किंवा नाशिकहून ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, जर्मनीत येणारी जोडपी हिशेब साधारण एकाच पद्धतीने मांडतात. ऑफर लेटरवरचा वार्षिक आकडा भागिले बारा, त्यातून भाडं वजा, किराणा वजा आणि उरेल त्याला युरोच्या भावाने गुणायचं. त्या आकड्यावर पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, आईबाबांना पाठवायचे पैसे, स्वित्झर्लंडची सहल, सगळं ठरतं. पहिले काही महिने जमतंही. मग एका पाठोपाठ लिफाफे येऊ लागतात. विजेची वर्षाची बिलं, घराचा हिशेब, विम्याचा वार्षिक हप्ता, कर खात्याचं पत्र. एकही खर्च उधळपट्टीचा नसतो, तरी खातं रिकामं होतं. पैसे कॉफीवर किंवा हॉटेलात गेले असं समजून नवराबायको एकमेकांना बोल लावतात, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. इथले जड खर्च महिन्याच्या तक्त्यात दिसतच नाहीत.

ब्रुटोवर स्वप्नं रंगवणं

करारात लिहिलेला पगार ब्रुटो असतो, खात्यात येतो तो नेटो. आयकर, पेन्शन, आरोग्य विमा, काळजी विमा (म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या शुश्रूषेचा), बेरोजगारी विमा हे सगळं आधीच कापलं जातं. ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त जातं असं धरा. नेटो काढून देणारी मोफत कॅल्क्युलेटर जर्मन संकेतस्थळांवर भरपूर आहेत, ती विमान पकडण्याआधीच वापरा.

एक छोटी गोष्ट वसई किंवा गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. पत्ता नोंदवताना, म्हणजे आनमेल्डुंगच्या वेळी, धर्म विचारतात. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत की चर्च कर सुरू होतो. तो बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के असतो, बाकी राज्यांत ९ टक्के. द्यायचा असेल तर जरूर द्या, पण पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर तो पाहून दचकू नका.

घर : काल्टमीटे पाहून हो म्हणणं

जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा काल्टमीटेचा असतो, म्हणजे निव्वळ भिंतींचं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिना सफाई, हीटिंग हे नेबेनकोस्टेन मिळवले की वार्ममीटे होते. वीज आणि इंटरनेट बहुतेक ठिकाणी त्यातही नसतं. शिवाय अनेक घरं स्वयंपाकघराविना मिळतात. विना म्हणजे ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, नुसते नळाचे पाइप भिंतीतून बाहेर आलेले. कधी छताला दिवेही नसतात. जुना भाडेकरू आपला किचन विकत घ्या म्हणतो, तेव्हा किंमत पाडून मागायला लाजू नका. त्याला तो उखडून न्यायचा कंटाळाच असतो.

डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं. हे तीन समान हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. अनेकांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे भारतातून घाईघाईने, मिळेल त्या भावाने पैसे मागवले जातात.

खरी कोंडी होते ती दुसऱ्या घराच्या वेळी. पहिलं घर लहान पडतं, वर्षा-दोन वर्षांत मोठं मिळतं आणि जुनं डिपॉझिट नव्याला लावू असं गृहीत धरलेलं असतं. जुना घरमालक ते चावी दिल्या दिवशी परत करत नाही. तपासणीला काही महिने घेतो आणि नेबेनकोस्टेनचा हिशेब बाकी असेल तर त्यासाठी काही रक्कम आणखी धरून ठेवतो. त्यातच नोटिशीची मुदत तीन महिन्यांची, त्यामुळे एखादा महिना दोन्ही घरांचं भाडं भरावं लागतं. घर बदलायचा विचार डोक्यात आला त्या दिवसापासून नव्या डिपॉझिटचे पैसे वेगळे साठवायला लागा आणि जुनं गेलंच असं समजून चाला.

हिशेबाचं पत्र आणि त्याला दिलेलं आंधळं उत्तर

दरमहा भरता ते नेबेनकोस्टेन फक्त आगाऊ असतात. खरा हिशेब वर्षातून एकदा होतो आणि तो पाठवायला घरमालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिने मिळतात. कॅलेंडर वर्ष धरलं तर २०२५चा हिशेब ३१ डिसेंबर २०२६पर्यंत येऊ शकतो. जानेवारी २०२५मध्ये राहायला आलेल्या जोडप्याला आपण हीटिंग जास्त जाळलं हे जवळजवळ दोन वर्षांनी कळतं! तोवर दोन हिवाळे त्याच सवयीने जातात.

सवय म्हणजे कोणती? हीटरचं बटण पाचवर, म्हणजे सगळ्यात जास्त, ठेवून खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवायची. फोडणीचा वास जावा म्हणून बहुतेक मराठी घरांत हे चालतं. त्याने उष्णता बाहेर जाते आणि भिंती गार पडून बुरशी धरतात, म्हणजे पुढे डिपॉझिटलाही कात्री. त्यापेक्षा हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, मग लावून घ्या. दिवसातून दोन-तीन वेळा. कुकरच्या शिट्ट्या आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफही यानेच जाते.

पत्र आल्यावर आकडा पाहून लगेच पैसे भरून टाकणं ही दुसरी चूक. आधी हिशेबातल्या ओळी वाचा. इमारतीची दुरुस्ती आणि व्यवस्थापनाचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही. केबल टीव्हीचं नेहमीचं शुल्कही जुलै २०२४पासून नेबेनकोस्टेनमध्ये लावता येत नाही, तरी ते जुन्या सवयीने छापलं गेलेलं असू शकतं. घराचे चौरस मीटर आणि तुम्ही राहिलेले महिने बरोबर आहेत का ते जुळवा. पावत्या पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि हरकत घ्यायला पत्र मिळाल्यापासून १२ महिने आहेत. जर्मन कच्चं असेल तर शहरातल्या मीटरफेराइनचं, म्हणजे भाडेकरू संघटनेचं, सभासदत्व घ्या. वर्षाच्या वर्गणीत ते हिशेब तपासून देतात. पत्र उशिरा आलं, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर, तर वाढीव रक्कम मागण्याचा घरमालकाचा हक्क सहसा संपलेला असतो. आणि हिशेबाचा तो कागद फेकू नका. त्यातल्या सफाई किंवा बागकामासारख्या खर्चाच्या मजुरीचा २० टक्के भाग कर विवरणात वजा होतो.

विजेचंही असंच. घरात शिरल्या दिवशी मीटरचा फोटो काढा. कंपनी निवडली नाहीत तर त्या भागातला मूळ पुरवठादार आपोआप लागू होतो. तो बहुधा महाग असतो, पण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो. जुन्या इमारतीत न्हाणीघरात विजेवर पाणी तापवणारं यंत्र असेल तर दोघांच्या अंघोळींमुळे बिल चांगलंच चढतं. तेव्हा दरमहाची आगाऊ रक्कम स्वतःहून वाढवून घ्या, म्हणजे वर्षाअखेरीस धक्का बसत नाही.

श्टॉयरक्लासे तीन-पाचचा मोह

श्टॉयरक्लासे म्हणजे करवर्ग, पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा गट. जोडीदाराची इथे नोंद झाली की दोघांनाही साधारणपणे चौथा करवर्ग मिळतो. मग ऑफिसातला कोणीतरी सांगतो, तीन-पाच करून घे (जास्त कमावणाऱ्याला तिसरा वर्ग, दुसऱ्याला पाचवा), हातात पगार जास्त येतो. एकच कमावत असेल तर हे बरोबरच आहे. दुसऱ्याला नोकरी लागली की मात्र पंचाईत. पाचव्या वर्गातला पगार इतका कापला जातो की बायको म्हणते, एवढ्यासाठी मी कशाला कामावर जाऊ? (पाचवा वर्ग बायकोच्याच वाट्याला का येतो, हाही प्रश्न एकदा घरात विचारावा.)

करवर्गाने वर्षाचा कर बदलत नाही. एकत्र विवरण भरल्यावर दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो. बदलतं ते दरमहा किती कापलं जातं एवढंच. तीन-पाचमध्ये विवरण भरणं सक्तीचं असतं आणि दोघंही कमावते असतील तर बरेचदा उरलेला कर एकरकमी भरावा लागतो. खात्यात आलेले जास्तीचे युरो प्रत्यक्षात कर खात्याची उसनवारी होती, हे तेव्हा समजतं.

त्याहून मोठं नुकसान पुढे असतं. बाळंतपणानंतरचा एल्टर्नगेल्ड आणि नोकरी गेल्यावरचा भत्ता नेटोवर मोजतात. पाचव्या वर्गातल्या आईचा नेटो कागदावर लहान, म्हणून भत्ताही लहान. वर्ग बदलून फायदा हवा असेल तर मातृत्व रजा सुरू होण्याच्या महिन्याआधी किमान सात महिने तो लागू असायला हवा. म्हणजे गोड बातमी कळल्याबरोबर, घरी फोन करायच्याही आधी, अर्ज. २०२० पासून वर्षातून कितीही वेळा वर्ग बदलता येतो. दोघांचे पगार जवळपास सारखे असतील तर चार-चारच ठेवा, डोक्याला ताप नाही.

जोडीदार नोव्हेंबरात आला असेल तरी त्या संपूर्ण वर्षाचं एकत्र विवरण भरता येतं. मात्र तिने किंवा त्याने त्याच वर्षी भारतात मिळवलेला पगार कराचा दर ठरवताना मोजला जातो, तो लपवू नका. स्थलांतराच्या खर्चाच्या पावत्या जोडा. विवरण सक्तीचं नसेल तर मागच्या चार वर्षांचंही भरता येतं. नवख्या लोकांचे पैसे बरेचदा यातूनच परत येतात.

स्वस्त म्हणून खासगी आरोग्य विमा

तरुण, निरोगी, चांगला पगार असं दिसलं की एजंट खासगी विम्याचा कमी हप्ता दाखवतात. सरकारी क्रांकेनकासेमध्ये न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावतात, खासगीत माणशी हप्ता लागतो. आज दोघं, उद्या तिघं-चौघं, असा संसार डोळ्यांसमोर असेल तर स्वस्ताई टिकत नाही. सरकारी योजनेत परत यायची वाटही सोपी नाही. जोडप्यांना मी सरकारीच सांगते.

पत्रपेटीकडे दुर्लक्ष

रुंडफुंकबायट्राग, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शनचं शुल्क, घरामागे महिन्याला १८.३६ युरो असतं. टीव्ही नाही ही सबब चालत नाही. पण ते माणशी नाही, घरामागे आहे. पत्र दोघांच्याही नावाने येतं, म्हणून काही जण दोनदा भरतात आणि काही जाहिरात समजून फेकतात. फेकणाऱ्यांना थकबाकी एकदम येते. एकाने भरावं, दुसऱ्याने पहिल्याचा शुल्क क्रमांक कळवून मोकळं व्हावं. दोनदा भरलेलं असेल तर ते परत मिळावं अशी लेखी मागणी करा.

दुसऱ्याची वस्तू मोडली किंवा इमारतीची चावी हरवली तर हाफ्टफ्लिख्ट विमा हवा. तो दोघांचा मिळून एकच घेता येतो, पुरे होतो. घेताना चावीचा समावेश आहे का तेवढं पाहा. फोन आणि जिमच्या करारांच्या तारखा दोघांच्याही कॅलेंडरमध्ये टाका. मार्च २०२२ पासून झालेल्या नव्या करारांत मूळ मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं, पण नोटीस तुम्हीच द्यायची असते. डॉयचलांडटिकीट, म्हणजे देशभरातल्या बस-लोकल गाड्यांचा महिन्याचा पास, ४९ युरोंना सुरू झालं, ते २०२६मध्ये ६३वर गेलं. एखाद्या महिन्यात भारतात असाल तर आधीच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा. खात्यातून चुकीची रक्कम आपोआप गेली तर आठ आठवड्यांत बँकेतून ती परत घेता येते. आणि खातं उणे जाऊ देऊ नका, डिस्पोचं, म्हणजे ओव्हरड्राफ्टचं, व्याज फार जबर असतं.

किराणा : सगळं भारतीय दुकानातून

यावर फार बोलायला नको. गोडा मसाला, पोहे, तूरडाळ भारतीय दुकानातून घ्या, बाकी कशाला? मसूर, चणे, कोथिंबिरीची मोठी जुडी तुर्की दुकानात मिळते. रव्याला वाइख्वाइत्सेनग्रीस चालतो. तूप साध्या बटरचं घरी कढवा. श्रीखंडाला चक्का टांगत बसू नका, क्वार्क आणा. बाटल्यांचं फान्ड, म्हणजे बाटली परत केल्यावर मिळणारं डिपॉझिट, एकदा वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट असतं; रिकाम्या बाटल्या कोपऱ्यात साठवून विसरू नका. नळाचं पाणी पिता येतं.

भारताकडचा हिशेब वेगळ्या वहीत

नेटोतून हप्ता, पालकांचे पैसे आणि वर्षाची एक भारतवारी हे आधी बाजूला काढा, मग इथलं बजेट करा. गणपती-दिवाळीची तिकिटं, बॅगा भरून नेलेली चॉकलेटं आणि तिथली लग्नं मिळून वारीचा खर्च तिकिटाच्या बराच पुढे जातो. त्याला बाराने भागून दरमहा वेगळ्या खात्यात टाका. विजेचा फरक, नेबेनकोस्टेन, विमे यांसाठीही तेच खातं चालेल.

आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांना पाठवलेले पैसे ठरावीक मर्यादेत करातून वजा होतात. मर्यादा देशानुसार कमी केली जाते. २०२५ पासून फक्त बँकेतून पाठवलेलीच रक्कम धरतात, सुट्टीत हातात दिलेली नोटांची पाकिटं नाहीत. त्यांच्या उत्पन्नाचे कागदही लागतात, तेव्हा पुढच्या वारीत ते गोळा करून ठेवा.

भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्या, तो नियमच आहे. एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या, ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी तुम्ही जर्मनीचे रहिवासी आहात, त्यामुळे ते इथल्या विवरणात दाखवावं लागतं. दोघांच्या एकत्र विवरणात वर्षाला २,००० युरोंपर्यंतचं गुंतवणुकीचं उत्पन्न सुटतं, पण त्यात इथल्या बँकेचं व्याजही मोजतात. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना कळवतात. जुनं राहून गेलं असेल तर कर खात्याचं पत्र येण्याआधी कर सल्लागाराला गाठून विवरण दुरुस्त करून घ्या.