गळ, तंगूस आणि आंब्याचा बाठा : या चुका टाळा

गिळलेल्या वस्तूपेक्षा ती उपटून काढण्याची घाई जनावराला अधिक महागात पडते, असे माझे मत हर्णै बंदराजवळ वीस वर्षे कुत्री-मांजरे सांभाळल्यावर झाले आहे. तरीही दर हंगामात तीच चूक नव्याने पाहावी लागते.

पहिली चूक, तोंडातून लोंबणारा तंगूस, म्हणजे गळाला बांधलेला नायलॉनचा दोरा, ओढणे. लिलाव आटोपल्यावर पुळणीत पडलेल्या बांगड्याच्या तुकड्यात कधीकधी गळ तसाच राहिलेला असतो. शेजारच्या कुत्रीने असा तुकडा गिळला, तेव्हा तिच्या ओठाच्या कडेने वीतभर तंगूस बाहेर आला होता. घरातल्या तरुणाने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहून त्याला हिसका दिला. गळाला उलटा काटा असतो आणि ओढला की तो अधिकच रुततो, हे बंदरावर वाढलेल्या मुलाला सांगावे लागावे याचे मला आजही नवल वाटते. मी पोहोचेपर्यंत तंगूस तुटला होता, कुत्री रक्तमिश्रित लाळ गाळत होती, आणि पोटात दुर्बीण घालून तपासण्याची सोय असलेल्या शहरापर्यंत तिला रात्रभर गाडीतून न्यावे लागले. मी अशा वेळी तंगूस ओढतही नाही आणि कापतही नाही. डॉक्टरांना गळापर्यंत पोहोचायला त्याचा आधार होतो, म्हणून त्याचे टोक गळपट्ट्याला सैल बांधतो. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने वाटेत भात किंवा केळे भरवत नाही.

मांजराने दोरा गिळला असेल तर हीच शिस्त दुपटीने पाळावी. दोऱ्याचे एक टोक बहुधा जिभेखाली अडकते आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात. ताणलेला दोरा मग आतडे कापतो. गुदद्वारातून टोक दिसले तरी ओढू नये.

ओकारीसाठी मिठाचे पाणी पाजू नये, कारण रक्तातील सोडियम वाढून जनावर झटके येऊन दगावू शकते. खेळण्यातील बटणाएवढा सेल गिळला असेल तर सकाळची वाट पाहू नये, कारण अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या मोठ्या जाळ्यातून, टाकून दिलेला केंड (अंग फुगवणारा विषारी) मासा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. त्याचे विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही.

मे महिन्यातली चूक मात्र उतावळेपणाची नसून आळसाची आहे. “आंब्याचाच बाठा, पडेल आपोआप,” असे म्हणून लोक स्वस्थ बसतात. बाठ्याचे कठीण कवच पचत नाही. तो कित्येक आठवडे पोटात पडून राहतो आणि एके दिवशी आतड्यात अडकतो. वारंवार ओकाऱ्या होऊ लागतात तेव्हा आंबे संपलेले असतात, बाठ्याची आठवण कोणालाच नसते, आणि एक्स-रेमध्येही तो अनेकदा स्पष्ट दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करावी लागते. कुत्र्याने बाठा गिळल्याचे दिसले की मी ती तारीख कॅलेंडरवर लिहितो, आणि दवाखान्यात जाताना तेवढ्याच आकाराचा दुसरा बाठा धुऊन पिशवीत घेतो.