हर्पीस विषाणूचे जनुक कोणत्या टप्प्यातले, हे कसे ठरवावे

हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूची जनुके एकदम व्यक्त होत नाहीत, म्हणजे त्यांच्यापासून आरएनए आणि प्रथिने एकाच वेळी बनत नाहीत. 1974 मध्ये होनेस आणि रॉइझमन यांनी दाखवल्याप्रमाणे त्यांचा अल्फा, बीटा, गॅमा असा क्रम असतो. विषाणूकणाबरोबर पेशीत आलेले व्हीपी16 हे प्रथिन अल्फा जनुकांना चालना देते, त्यांतून बनलेली प्रथिने, विशेषतः आयसीपी4, बीटा जनुके सुरू करतात, आणि पॉलिमरेजसारखी बीटा प्रथिने डीएनएच्या प्रती काढू लागल्यावरच खरी गॅमा जनुके व्यक्त होतात. अनोळखी जनुकाचा टप्पा ओळखायचा, तर ही साखळी मुद्दाम दोन ठिकाणी तोडावी.

त्यासाठी व्हेरो पेशींचे (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे) तीन संच घ्यावेत. पहिल्यात कोणतेही औषध नसावे, दुसऱ्यात प्रथिननिर्मिती थांबवणारे सायक्लोहेक्झिमाइड आणि तिसऱ्यात विषाणूची पॉलिमरेज रोखणारे फॉस्फोनोॲसेटिक आम्ल घालावे. सायक्लोहेक्झिमाइड संसर्गाच्या अर्धा ते एक तास आधी घालून शेवटपर्यंत माध्यमात ठेवावे. त्याला उशीर झाला, तर थोडे आयसीपी4 तयार होऊन जाते आणि बीटा जनुकही अल्फा असल्याचे भासते. सर्व पेशींना एकाच वेळी बाधा व्हावी म्हणून दर पेशीमागे 5 ते 10 संसर्गक्षम विषाणू द्यावेत आणि 6 ते 8 तासांनी आरएनए काढावा.

या प्रयोगात सर्वाधिक दगा होतो तो येथेच. या विषाणूच्या बहुतेक जनुकांत इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे) नसतात, त्यामुळे आरएनएत राहिलेला विषाणूचा डीएनए प्रायमरच्या (प्रत काढण्यास सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) निवडीने वगळता येत नाही आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीत) तोच संदेशवाहक आरएनए म्हणून मोजला जातो. म्हणून नमुन्यावर डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया करावी आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली जोडनळी प्रत्येक नमुन्यासोबत चालवावीच. माझ्या मते तिच्याशिवाय आलेला आकडा विचारातच घेऊ नये.

सायक्लोहेक्झिमाइड असूनही आरएनए साचला, तर जनुक अल्फा. तेथे नाही, पण फॉस्फोनोॲसेटिक आम्लात भरपूर मिळाला, तर बीटा. दोन्हीकडे नाहीसा झाला, तर खरे गॅमा. तुलनेसाठी अनुक्रमे आयसीपी27, थायमिडिन कायनेज आणि ग्लायकोप्रोटीन सी यांची जनुके सोबत मोजावीत. आम्लाने आरएनए नुसता घटला, पण थांबला नाही, तर जनुक गॅमा-1 गटातले, म्हणजे डीएनएच्या प्रती निघण्याआधीही काही प्रमाणात व्यक्त होणारे, असण्याची शक्यता मोठी. मात्र तसे नोंदवण्यापूर्वी त्या संचात विषाणूचा डीएनए खरोखरच वाढलेला नाही, हे वेगळे मोजून पाहावे.